स्कोलिओसिस: वाढत्या वयात पाठीच्या कण्याला येणारा बाक

बऱ्याचदा ही गोष्ट सगळ्यात आधी शिंप्याच्या लक्षात येते. मुलीच्या ड्रेसचे माप घेताना तो सहज म्हणतो, "हिचा एक खांदा जरा खाली आहे." किंवा नव्या कुर्त्याचा घेर एका बाजूने वर उचललेला दिसतो आणि घरचे शिवणीला दोष देतात. काही महिन्यांनी कधीतरी मुलगी खाली वाकलेली असताना तिची पाठ एका बाजूला फुगलेली दिसते आणि मग घाबरून सगळे दवाखान्यात येतात. त्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: "डॉक्टर, इतके दिवस आम्हाला दिसले कसे नाही?"

यात पालकांचा निष्काळजीपणा नसतो. मूल लहान असताना आई त्याला न्हाऊ घालते, तेल लावते, रोज त्याची पाठ पाहते. दहाव्या-अकराव्या वर्षानंतर मूल स्वतः आंघोळ करू लागते, सैल कपडे घालते, कपडे बदलताना दार लावून घेते. त्याची उघडी पाठ घरात कोणालाच दिसत नाही. आणि स्कोलिओसिसचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार नेमका याच वयात, उंची झपाट्याने वाढत असताना, वाढतो. शिवाय तो सहसा दुखत नाही, त्यामुळे मूलही तक्रार करत नाही.

स्कोलिओसिस म्हणजे काय?

आपला कणा बाजूने पाहिला तर सरळ नसतोच. मानेत आणि कमरेत तो पुढे झुकतो, पाठीत मागे. हे बाक नैसर्गिक आहेत. पण मागून पाहिले तर मानेपासून माकडहाडापर्यंत सगळे मणके एका सरळ रेषेत दिसायला हवेत. स्कोलिओसिसमध्ये कणा डावीकडे किंवा उजवीकडे वळतो. कधी इंग्रजी 'सी' अक्षरासारखा, कधी 'एस'सारखा.

हा बाक केवळ बाजूला वळलेला नसतो. मणके स्वतःभोवती थोडे फिरलेलेही असतात, जिना गोल फिरत वर जावा तसे. छातीच्या भागातील मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्यामुळे मणक्यांबरोबर त्याही फिरतात आणि पाठीवर एका बाजूला उंचवटा येतो. म्हणूनच "ताठ उभी राहा" असे सांगून किंवा पाठीवर दाब देऊन हा बाक जात नाही. वाकून बसण्याच्या सवयीने येणारा पोक वेगळा असतो; ती व्यक्ती मनात आणले की सरळ बसू शकते. स्कोलिओसिसमध्ये तसे होत नाही.

बाक किती आहे हे उभे राहून काढलेल्या एक्स-रेवर अंशांत मोजतात. ही पद्धत अमेरिकेतील अस्थिरोगतज्ज्ञ जॉन कॉब यांच्या नावाने ओळखली जाते, म्हणून तुमच्या रिपोर्टवर 'कॉब अँगल' असे लिहिलेले असते. १० अंशांपेक्षा कमी बाकाला स्कोलिओसिस म्हणत नाहीत. किशोरवयीन मुलामुलींपैकी साधारण २ ते ३ टक्क्यांमध्ये १० अंशांहून अधिक बाक आढळतो. त्यांतल्या बहुतेकांना कधीच उपचार लागत नाहीत. लहान बाक मुलांत आणि मुलींत जवळपास सारखेच दिसतात, पण वाढत जाऊन उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांमध्ये मुलींची संख्या कितीतरी जास्त असते.

हे कशामुळे होते?

दहापैकी सुमारे आठ रुग्णांमध्ये निश्चित कारण सापडत नाही. याला वैद्यकीय भाषेत 'इडिओपॅथिक' म्हणतात. त्याचा साधा अर्थ 'कारण अज्ञात' एवढाच. अनुवंशिकतेचा त्यात वाटा आहे. आई, वडील किंवा बहीण-भावाला असा बाक असेल तर शक्यता वाढते, म्हणून एका मुलीत निदान झाले की धाकट्या भावंडांची पाठही पाहायला हवी. मात्र एकच दोषी जनुक आहे आणि तो आईकडून आला, असे काही नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्यासमोर बसलेल्या सुनेकडे सासरच्या मंडळींची नजर वळताना आम्ही पाहतो.

जड दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. दप्तर जड नसावेच, त्याने पाठ आणि खांदे दुखतात, पण त्याने कणा असा वळत नाही. एका खांद्यावर पिशवी अडकवणे, मोबाईलवर वाकून बसणे, मऊ गादी, कुशीवर झोपणे, लहानपणी पडणे, दूध कमी पिणे, यांपैकी कशानेही नाही. "तू नीट बसत नव्हतीस म्हणून झाले" हे वाक्य घरात कोणी बोलत असेल तर ते थांबवा. ते खोटे आहे आणि त्या वयाच्या मुलीच्या मनात ते वर्षानुवर्षे राहते.

उरलेल्या रुग्णांत कारण सापडते आणि तिथे कण्याच्या पलीकडेही पाहावे लागते. काही बाळांत गर्भावस्थेतच एखादा मणका अर्धवट तयार होतो किंवा दोन मणके एका बाजूला जोडलेले राहतात. मणके ज्या काळात घडतात त्याच काळात हृदय आणि मूत्रपिंडेही घडत असतात, म्हणून अशा मुलांची हृदयाची आणि पोटाची सोनोग्राफी करायला सांगतात. पाठीच्या तपासणीला आलो असताना किडनीची सोनोग्राफी कशाला, असे वाटून ती टाळू नका. सेरेब्रल पाल्सी, स्नायूंचे आजार किंवा पोलिओमुळे स्नायू दुबळे झालेले असले तर कण्याला आधार राहत नाही आणि बाक येतो. मार्फान सिंड्रोम आणि न्यूरोफायब्रोमॅटोसिस या आजारांतही तो दिसतो. दुसऱ्या आजारात अंगावर कॉफीच्या रंगाचे बरेच डाग असतात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. मणक्याच्या क्षयरोगातही पाठीला कुबड येते. ते सहसा मागच्या बाजूला टोकदार असते आणि सोबत सतत दुखणे, ताप, वजन घटणे अशी लक्षणे असू शकतात. तो वेगळा आजार आहे, त्यावर औषधे आहेत आणि तिथे उशीर महागात पडतो.

घरी पाठ कशी पाहावी?

यासाठी दोन मिनिटे पुरतात. मुलीची आईने किंवा मोठ्या बहिणीने, मुलाची वडिलांनी पाहिली तरी चालेल. संकोच होणार नाही असे पाहा.

मुलाला पाठमोरे, पावले जुळवून सरळ उभे राहायला सांगा. खांदे एका उंचीवर आहेत का? खांद्यामागचे पसरट हाड, म्हणजे फरा, एका बाजूला जास्त वर आलेला आहे का? हात खाली सोडले असता हात आणि कंबर यांमधली मोकळी जागा दोन्हीकडे सारखी आहे का? आता गुडघे न वाकवता, दोन्ही तळहात जोडून, नमस्कार खाली न्यावा तसे कमरेतून पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे बसा आणि नजर पाठीच्या पातळीवर आणा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली तर डॉक्टरांना दाखवा. दवाखान्यात याच स्थितीत पाठीवर छोटे मोजपट्टीसारखे उपकरण ठेवून कल मोजतात. तो ५ ते ७ अंश किंवा त्याहून जास्त असेल तर एक्स-रे काढतात. उपकरणावरचे हे अंश आणि एक्स-रेवरचे अंश वेगवेगळे असतात, त्यांची गल्लत करू नका.

शाळेत प्रत्येक मुलाची अशी तपासणी करावी की नाही यावर तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. २०१८ मध्ये अमेरिकेतील तज्ज्ञगटाने बाजूने किंवा विरोधात सांगण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. पण दहाव्या वर्षापासून उंची वाढायची थांबेपर्यंत सहा महिन्यांतून एकदा घरी पाठ पाहायला पैसे लागत नाहीत, एक्स-रेही लागत नाही. मी माझ्या ओळखीच्या सगळ्या पालकांना हे सांगतो.

किती अंश, आणि किती वाढ बाकी?

एक्स-रे हातात आला की सगळ्यांचे लक्ष एकाच आकड्याकडे जाते. पण उपचार ठरवताना दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असतो: अजून किती उंची वाढायची आहे?

दोन मुली समजा. दोघींचाही बाक २५ अंश. पहिली अकरा वर्षांची, पाळी सुरू व्हायची आहे, गेल्या वर्षभरात बरीच उंच झाली आहे. दुसरी साडेपंधरा वर्षांची, पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाली, उंची थांबली आहे. दुसरीला बहुधा काहीच करावे लागणार नाही. वाढ पूर्ण झाल्यावर ३० अंशांपेक्षा कमी असलेला बाक सहसा वाढत नाही. पहिलीचा बाक मात्र पुढच्या दीड-दोन वर्षांत बराच वाढू शकतो. तिच्यासाठी हे सहा महिने फार मोलाचे आहेत. मुलींमध्ये उंची सर्वांत वेगाने वाढते ती पाळी येण्याच्या आधीच्या काळात, आणि पाळी आल्यावर साधारण दोन वर्षे ती थोडी थोडी वाढत राहते. त्यामुळे डॉक्टर पाळीबद्दल विचारतात तेव्हा तो प्रश्न कण्याबद्दलच असतो. लाजून टाळू नका, तारीख आठवून या. मुलांची वाढ उशिरा सुरू होते आणि उशिरापर्यंत चालते, म्हणून त्यांच्यावर अधिक काळ लक्ष ठेवावे लागते.

उरलेली वाढ एक्स-रेवरही कळते. कमरेच्या हाडाच्या कडेवर दिसणाऱ्या पट्टीवरून 'रिसर' श्रेणी ठरते: शून्य म्हणजे भरपूर वाढ बाकी, पाच म्हणजे वाढ पूर्ण. काही डॉक्टर डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रेही काढतात. तक्रार पाठीची आणि फोटो हाताचा, असे पाहून गोंधळू नका.

याच काळात सर्वांत जास्त वेळ वाया जातो. मालिश, हाडवैद्याकडून 'मणका बसवून' घेणे, "वयात आली की सरळ होईल" हा शेजारचा सल्ला, दहावीची परीक्षा संपू दे म्हणून पुढे ढकललेली तारीख. मालिशने दुखणाऱ्या स्नायूंना बरे वाटेल, पण कणा सरळ होत नाही. आणि कोणी पाठ जोरात वळवून कडकड आवाज काढत असेल तर तिथे मुलाला नेऊच नका. सहा महिन्यांनी मूल आमच्याकडे येते तेव्हा २८ चे ४२ अंश झालेले असू शकतात. अठ्ठावीसला जो उपचार उपयोगी पडला असता, तो बेचाळीसला हातातून निसटत चाललेला असतो.

डॉक्टर काही मुलांत एमआरआयही सांगतात: वय दहापेक्षा कमी असेल, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे असेल, पायात अशक्तपणा किंवा बधिरपणा असेल, लघवीवरचा ताबा बिघडला असेल, कमरेवर केसांचा पुंजका असेल, छातीच्या भागातला बाक नेहमीप्रमाणे उजवीकडे न जाता डावीकडे असेल किंवा फार झपाट्याने वाढत असेल तर. अशा वेळी मज्जारज्जूत काही दोष नाही ना हे पाहायचे असते. साध्या, न दुखणाऱ्या बाकासाठी प्रत्येकाला एमआरआय लागत नाही.

वारंवार एक्स-रेची भीती अनेकांना वाटते. ती अगदीच अनाठायी नाही, पण आताच्या यंत्रांत किरणांचा डोस पूर्वीपेक्षा बराच कमी असतो आणि फोटो पाठीकडून काढल्यास स्तनांवर किरण कमी पडतात. जुना एक्स-रे सोबत असला की नवा उगाच काढावा लागत नाही. जुने सगळे फोटो जपून ठेवा. नुसते रिपोर्टचे कागद पुरत नाहीत. आणखी एक: मोजणीत ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. २२ चे २५ झाले म्हणजे बाक वाढलाच असे नाही.

उपचार

वाढ चालू आहे आणि बाक २५ अंशांपेक्षा कमी आहे, तर चार ते सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. "डॉक्टरांनी काहीच दिले नाही" असे पालकांना वाटते, पण लक्ष ठेवणे हाच त्या टप्प्यावरचा उपचार आहे. तारीख मात्र चुकवू नका.

२५ ते ४० अंशांच्या दरम्यान आणि वाढ बाकी असेल तर ब्रेस, म्हणजे शरीराच्या मापाने बनवलेला कडक प्लास्टिकचा पट्टा. मेडिकलच्या दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा म्हणजे हा नव्हे. त्याने काही होत नाही. ब्रेसचा उद्देश बाक घालवणे हा नसून तो वाढू न देणे हा आहे. हे आधीच समजून घेतले नाही तर वर्षभराने "इतके घातले तरी सरळ झाले नाही" अशी निराशा येते.

ब्रेसचा खरोखर उपयोग होतो का, यावर बरीच वर्षे वाद होता. अमेरिका आणि कॅनडात १० ते १५ वर्षांच्या मुलांवर झालेला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रेस घातलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक वाढ पूर्ण होईपर्यंत ५० अंशांच्या आत राहिला. न घातलेल्यांत हे प्रमाण ४८ टक्के होते. ज्यांनी दिवसाला सरासरी १३ तास किंवा त्याहून जास्त घातला त्यांच्यात यश ९० टक्क्यांच्या वर गेले. या आकड्यांची दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी: ब्रेसशिवायही जवळपास निम्मी मुले ५० च्या आत राहिली. त्यांत आपले मूल असेल की नाही, हे आधी नक्की सांगता येत नाही, म्हणून ब्रेस सुचवला जातो.

बहुतेक ठिकाणी दिवसाला १६ ते १८ तास किंवा जास्त सांगतात. आपल्या उन्हाळ्यात ते सोपे नाही. आतून घट्ट बसणारा, शिवण नसलेला सुती बनियन घाला, घाम आला की बदला. ब्रेसखाली तेल किंवा क्रीम लावू नका, त्वचा मऊ पडून सोलवटते. काढल्यावर अर्ध्या तासात न जाणारा लाल डाग दिसला तर ब्रेस बनवणाऱ्या तंत्रज्ञाला दाखवा. स्वतः कापूसकुपूस भरू नका. आंघोळ, खेळ, पोहणे, नाच यांसाठी ब्रेस काढता येतो आणि खेळ बंद करायचा नाही. मुलीला शाळेत नकोच असेल तर भांडत बसण्यापेक्षा डॉक्टरांशी बोलून शाळेतून आल्यापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतचे तास ठरवता येतात का, ते विचारा. कपाटात पडून राहिलेल्या ब्रेसपेक्षा चौदा तास खरोखर घातलेला ब्रेस कधीही चांगला.

व्यायामाबद्दल खूप विचारतात. स्कोलिओसिससाठीच आखलेले व्यायाम आहेत. त्यांतली श्रोथ पद्धत जर्मनीत सुरू झाली. प्रशिक्षित फिजिओथेरपिस्टकडून शिकून नियमित केले तर पाठीचे स्नायू बळकट होतात, उभे राहण्याची ढब सुधारते आणि ब्रेसला जोड मिळते. पण ब्रेसची गरज असलेल्या मुलीला फक्त व्यायाम किंवा योगासने देणे पुरेसे नाही. योगासने करायला हरकत नाही. त्यांनी बाक जाईल या आशेवर राहू नका.

४५ ते ५० अंशांच्या पुढे शस्त्रक्रियेचा विचार होतो, कारण एवढा बाक उंची थांबल्यावरही वर्षाला साधारण एखाद्या अंशाने वाढत राहू शकतो. शस्त्रक्रियेत मणक्यांत स्क्रू बसवतात, त्यांना दोन सळ्या जोडून कणा शक्य तितका सरळ करतात आणि तेवढे मणके एकमेकांशी जुळून एकसंध व्हावेत म्हणून हाडाचे तुकडे ठेवतात. तेवढा भाग नंतर वाकत नाही, बाकीचा वाकतो. साधारणपणे एक-दोन दिवसांत रुग्णाला उभे करतात, आठवडाभरात घरी सोडतात, महिना-दीड महिन्यात शाळा सुरू होते. खेळ कधी सुरू करायचे ते सर्जन ठरवतात. सळ्या सहसा काढाव्या लागत नाहीत.

"पाय जातील का?" हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारते, कोणी विचारत नाही, पण असतो सगळ्यांच्या मनात. किशोरवयातील साध्या बाकाच्या शस्त्रक्रियेत नसांना इजा होण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे, आणि अशी इजा झालीच तर तीही अनेकदा तात्पुरती असते. शस्त्रक्रिया चालू असताना मज्जारज्जूचे संदेश यंत्रावर सतत पाहिले जातात. ती सोय त्या रुग्णालयात आहे का, सर्जन वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात, हे जरूर विचारा. चांगल्या सर्जनला असे विचारल्याचा राग येत नाही. खर्चाचा प्रश्न असेल तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते, ते योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राकडून आधीच तपासून घ्या.

दहा वर्षांखालील मुलांत कणा लवकर जोडून टाकला तर छाती आणि फुप्फुसे वाढायला जागा उरत नाही. म्हणून तिथे प्लास्टरचे साचे, ब्रेस किंवा वाढवता येणाऱ्या सळ्या वापरतात.

लग्न, बाळंतपण आणि पुढचे आयुष्य

मुलगी बाहेर गेली की आई-वडील हळूच हे विचारतात. मी मुलीला परत आत बोलावून तिच्यासमोर उत्तर देतो, कारण प्रश्न तिच्या आयुष्याचा आहे.

स्कोलिओसिस असलेल्या बहुतेक स्त्रियांना गर्भधारणा होण्यात अडचण येत नाही आणि नेहमीसारखी प्रसूतीही होऊ शकते. कमरेच्या मणक्यांची शस्त्रक्रिया झाली असेल तर प्रसूतीच्या वेळी पाठीतून भूल देणे अवघड जाऊ शकते. शस्त्रक्रियेचा कागद आणि एक्स-रे प्रसूतितज्ज्ञांना आधीच दाखवावा. नोकरी, प्रवास, घरकाम सगळे करता येते. जमैकाचा धावपटू उसेन बोल्ट यालाही स्कोलिओसिस आहे आणि १०० मीटरचा ९.५८ सेकंदांचा विक्रम त्याने याच पाठीने केला. अमेरिकेत उपचार न घेतलेल्या रुग्णांचा पन्नास वर्षे पाठपुरावा झाला. त्यांना पाठदुखी इतरांपेक्षा जास्त होती, पण बहुतेकजण नोकरी-संसार करत नेहमीसारखे जगत होते. श्वासाचा त्रास प्रामुख्याने छातीच्या भागातील फार मोठ्या, ७०-८० अंशांपुढच्या बाकांत दिसू लागतो.

मनावरचा भार मात्र अंशांच्या प्रमाणात नसतो. ३० अंशांची मुलगी पोहणे सोडते, केस मोकळे ठेवून पाठ झाकते, लग्नकार्यात फोटोला उभी राहत नाही. ती गप्प झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

साठीनंतर पहिल्यांदाच कळलेला बाक हा बहुधा वेगळा प्रकार असतो. मणक्यांची आणि चकत्यांची झीज होऊन तो येतो. तिथे मुख्य तक्रार दिसण्याची नसून कंबरदुखीची आणि थोडे चालले की पाय भरून येण्याची असते. उपचार अंश पाहून नव्हे, त्रास पाहून ठरतो: व्यायाम, वेदनाशामक औषधे, हाडे ठिसूळ असतील तर त्यावरची औषधे, आणि मोजक्या रुग्णांत शस्त्रक्रिया.

पाठ असमान दिसली तर आधी तुमच्या बालरोगतज्ज्ञांना किंवा अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज असेल तर ते मणक्याच्या सर्जनकडे पाठवतील. जाताना जुने एक्स-रे, मागच्या एक-दोन वर्षांतील उंचीच्या नोंदी, मुलीची पाळी सुरू झाल्याची तारीख आणि घरात आणखी कोणाला बाक आहे का ही माहिती बरोबर न्या. उंचीची नोंद कुठेच नसेल तर आज भिंतीवर पेन्सिलीने खूण करून शेजारी तारीख लिहा.